बुरशीची नेमकी ओळख आणि नमुन्याचे पाकीट

तालुका कचेरीत गावोगावहून जे पीकरोगांचे अहवाल येतात, त्यांत एक शब्द पुनःपुन्हा आढळतो. तो शब्द म्हणजे ‘करपा’. भाताच्या रोपवाटिकेत करपा, नाचणीवर करपा, आंब्याच्या पालवीवर व मोहोरावर करपा, नारळाच्या झावळ्यांवरही करपाच. पान करपल्यासारखे दिसले की रोगाचे नाव ठरले आणि नाव ठरले की कृषि सेवा केंद्रातून ‘बुरशीचे औषध’ आणावयाचे, अशी रूढी पडून गेली आहे. ही रूढी आता मोडली पाहिजे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. आणि ती मोडण्याचे काम दूरच्या प्रयोगशाळेतून नव्हे, तर ग्रामपातळीवरील कार्यकर्त्याच्या हातातील पाकिटापासून सुरू व्हावयाचे आहे.

प्रथम आंब्याचा विचार करू. देवगड-मालवणच्या बागायतदारास आंब्यावरील करपा नवा नाही. मोहोर काळा पडून गळतो, कोवळ्या पानांवर तपकिरी ठिपके उमटतात. पण या रोगाची खरी खोड अशी की, कोवळ्या फळात शिरलेली बुरशी फळ पिकू लागेपर्यंत निपचित पडून राहते. बागेत निर्मळ दिसलेले फळ पेटीत भरले जाते, आणि वाशीच्या बाजारात पेटी उघडली म्हणजे देठाकडून काळे डाग खाली उतरलेले दिसतात. नुकसान होते ते बागेचा सारा खर्च होऊन गेल्यानंतर, आणि त्याचा जाब विचारावयास समोर कोणी नसते.

हा रोग करणाऱ्या बुरशीचे नाव आम्ही महाविद्यालयात ‘कोलेटोट्रायकम ग्लिओस्पोरिऑइडिस’ असे पाठ केले. पपईवर तीच, काजूवर तीच, डाळिंब-पेरूवरही तीच. इतक्या निरनिराळ्या झाडांवर एकच बुरशी कशी, हा प्रश्न परीक्षेत कोणी विचारला नाही व आम्हीही कोणाला विचारला नाही. या नावामागे एक इतिहास आहे. ते नाव मुळात १८८२ साली इटलीतील लिंबूवर्गीय झाडावर सापडलेल्या बुरशीला मिळाले. पुढे जो तो संशोधक नव्या झाडावर बुरशी दिसली की तिला नवे नाव देऊ लागला आणि नावांची संख्या सुमारे ७५० वर गेली. १९५७ साली फॉन आर्क्स या शास्त्रज्ञाने हा गुंता सोडविण्यासाठी त्या साऱ्या नावांना अवघ्या ११ जातींत बसविले. त्यांतील सुमारे ६०० नावे एकट्या ग्लिओस्पोरिऑइडिसच्या पोटात गेली. सूक्ष्मदर्शकाखाली बीजाणूंचा आकार व रंग पाहून जेवढे करणे शक्य होते, तेवढे त्यांनी केले. त्यांना दोष देता येणार नाही. परंतु त्या दिवसापासून ‘ग्लिओस्पोरिऑइडिस’ हे एका बुरशीचे नाव न राहता एका मोठ्या कुळाचे आडनाव होऊन बसले. गावात एकाच आडनावाची चाळीस घरे असावीत आणि टपालावर फक्त आडनाव लिहिलेले असावे, तसा हा प्रकार झाला.

डीएनएच्या पद्धतीने हे टपाल घरोघर वाटून देता येऊ लागले. प्रत्येक सजीवाच्या पेशीत डीएनए नावाचा एक लांबच लांब धागा असतो व त्यावर चारच अक्षरांत सारी आनुवंशिक माहिती लिहिलेली असते. दोन बुरशी डोळ्यांना कितीही सारख्या दिसोत, त्यांच्या घराण्यांची फारकत होऊन जितका काळ लोटला असेल तितके या लिखाणात अक्षरांचे फरक साठलेले असतात. प्रयोगशाळेत रोगट भागातून बुरशी वेगळी वाढवितात, ती चिरडून तिचा डीएनए काढतात, आणि त्यातील एक ठराविक तुकडा पीसीआर या प्रक्रियेने लक्षावधी पटींनी वाढवितात. ही प्रक्रिया कॅरी मलिस यांनी १९८३ साली सुचविली व तिच्यासाठी त्यांना १९९३ साली नोबेल पारितोषिक मिळाले. तुकडा पुरेसा वाढला म्हणजे त्यावरील अक्षरे ओळीने वाचून ती पूर्वी नोंदलेल्या बुरशींच्या अक्षरांशी ताडून पाहतात.

कोणता तुकडा वाचावयाचा, हा यातील कळीचा प्रश्न आहे. बुरशींसाठी ‘आयटीएस’ नावाचा, साधारण ५०० ते ७०० अक्षरांचा तुकडा सर्वत्र वाचला जातो. २०१२ साली तो बुरशींची सर्वसाधारण ओळखखूण म्हणून सुचविण्यात आला. बुरशी कोलेटोट्रायकम आहे की फ्युजेरियम, हे त्यावरून निश्चित कळते. पण कोलेटोट्रायकमच्या ग्लिओस्पोरिऑइडिस कुळातील सख्ख्या भावंडांत भेद करण्यास तो अपुरा पडतो, कारण भावंडांमध्ये त्या तुकड्यातील अक्षरे जवळजवळ सारखीच असतात. त्याच २०१२ साली न्यूझीलंडचे बेव्हन वीअर व त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक जनुके एकत्र वाचून या एका कुळात २२ जाती व एक उपजाती मान्य केल्या. भारतात बेले दामोदर शेणॉय व त्यांचे सहकारी यांनी आंब्यावरील याच बुरशींचा अभ्यास ‘एपीमॅट’ नावाच्या अधिक बोलक्या तुकड्याच्या आधारे केला व तो २०१३ साली प्रसिद्ध झाला. आपल्या देशातील आंब्यावर एक नव्हे, तर अनेक जाती वावरत आहेत असे त्यांना दिसून आले. काहींना तर तोपर्यंत नावही मिळालेले नव्हते. कोलेटोट्रायकम एशियानम व कोलेटोट्रायकम फ्रुक्टिकोला ही त्यांतील दोन नावे. गंमत अशी की, या दोन्ही जाती प्रथम ओळखल्या गेल्या त्या २००९ साली, आणि त्याही थायलंडमधील कॉफीच्या फळांवर. खरी ग्लिओस्पोरिऑइडिस, म्हणजे इटलीतील त्या मूळ बुरशीची सख्खी संतती, उष्ण प्रदेशातील फळांवर क्वचितच आढळते. आम्ही ज्या नावाने इतकी वर्षे फवारणीच्या शिफारशी लिहिल्या, ते नाव बहुतेक वेळा शेजारच्या घराचे होते.

येथे कोणी शेतकरी बंधू विचारील की, नाव एशियानम असो की फ्रुक्टिकोला, माझ्या पेटीतील आंबा काळा पडावयाचा तो पडतोच. मग हा शास्त्रज्ञांचा आपसांतील खेळ आम्हाला कशाला? प्रश्न रास्त आहे. प्रस्तुत लेखकाच्या मते त्याचे प्रामाणिक उत्तर असे की, काही वेळा नावाने काहीच बदलत नाही आणि काही वेळा सर्व काही बदलते. भाताच्या करप्याच्या बुरशीचेच पाहा. २००२ साली डीएनएच्या आधारे ती एका रानगवतावरील भावंडापासून वेगळी काढण्यात आली व तिच्या जातीचे नाव ‘ग्रिसिया’ऐवजी ‘ओरायझी’ झाले. त्यामुळे पाठ्यपुस्तके बदलली; आपल्या खाचरातील फवारणीत मात्र काडीचाही फरक पडला नाही. अशा नामांतराची कार्यकर्त्यांनी धास्ती घेऊ नये.

दुसऱ्या बाजूला, कोलेटोट्रायकमचेच ‘अॅक्युटॅटम’ नावाचे दुसरे एक कुळ आहे. फळावरील डाग तसेच, चिकट गुलाबी बीजाणूंचा थरही तसाच. पण त्या कुळातील जाती कार्बेन्डाझिमसारख्या औषधाला मुळातच कमी दाद देतात. तेथे त्याच औषधाचा हात दुप्पट केल्याने पैसा जातो, फळावर औषधाचा अंश राहतो व रोग तसाच राहतो. शिवाय कुळ तेच असले, तरी बुरशीच्या एका विशिष्ट जनुकातील एखादे अक्षर बदलले म्हणजे पूर्वी लागू पडणारे औषध निकामी ठरते. त्या बदललेल्या अक्षराची तपासणीही याच पद्धतीने करता येते. ‘औषधात भेसळ आहे’ अशी तक्रार घेऊन बागायतदार येतात, तेव्हा ती दर वेळी खोटी नसते. परंतु काही वेळा दोष बाटलीत नसून बुरशीच्या त्या एका अक्षरात असतो.

आणि नावाची किंमत आपल्या जिल्ह्याला कोणी शिकवावयास हवी, असे थोडेच आहे? कोकणच्या हापूसला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले, ते एवढ्यासाठीच की परप्रांतीचा दिसावयास तसाच आंबा देवगडच्या पेटीत भरून विकला जाऊ नये. सारखे दिसणारे सारखे असतेच असे नाही, हे जो बागायतदार बाजारात उच्चरवाने सांगतो, त्याने बुरशीच्या बाबतीत मात्र ‘काळे पडले म्हणजे करपा’ एवढ्यावर समाधान मानावे, याचे नवल वाटते.

आता सुपारीकडे वळू. कारण या विषयात प्रस्तुत लेखकाला जो धडा मिळाला तो आंब्याच्या नव्हे, तर पोफळीच्या बागेत मिळाला. कोळेरोग आमच्याकडे घाटाखालच्या सर्व पोफळबागांना ठाऊक आहे. नावातील ‘कोळे’ हा शब्द कानडी असून त्याचा अर्थ कुजणे असा आहे. मृगाचा पाऊस लागून दोनतीन आठवडे झाले की हिरव्या फळांच्या टोपीजवळ पाणथळ, गर्द हिरवे चट्टे पडतात. फळाचे तेज जाते, त्यावर पांढुरके बुरे चढते आणि मग शिंपुटेच्या शिंपुटे झाडाखाली गळून पडतात. म्हैसूर संस्थानात लेस्ली कोलमन यांनी १९१० च्या सुमारास या रोगाचा कसून अभ्यास केला, त्यास कारणीभूत असलेल्या फायटोफ्थोराचे वर्णन केले आणि पाऊस लागण्यापूर्वी घडांवर बोर्डो मिश्रण फवारण्याची जी रीत घालून दिली ती आजही चालू आहे.

फायटोफ्थोरा ही बुरशीच, असे आपण आजवर म्हणत आलो. डीएनएने तिचे घराणेच निराळे ठरविले आहे. अळंबी, आंब्याची भुरी, भाताचा करपा ही सारी खऱ्या बुरशींची प्रजा. फायटोफ्थोराचे नाते मात्र त्यांच्यापेक्षा समुद्रातील तपकिरी शेवाळाशी अधिक जवळचे आहे. ओहोटीच्या वेळी सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीच्या खडकांवर जे सरगॅसम लोंबताना दिसते, त्याच्याशी. तिच्या पेशींची भिंत निराळ्या द्रव्याची, तिचे बीजाणू पाण्याच्या थेंबात शेपटीने पोहणारे. ही केवळ नवलाची गोष्ट नव्हे. खऱ्या बुरशीच्या ज्या अवयवावर कार्बेन्डाझिम घाव घालते, तो फायटोफ्थोरात त्या औषधाच्या पकडीत सापडत नाही. उलट मेटॅलॅक्झिल हे फायटोफ्थोराच्या जातकुळीवर चालते आणि खऱ्या बुरशीवर ते व्यर्थ आहे. बोर्डोतील तांबे दोघींनाही पुरून उरते, हे त्या जुन्या मिश्रणाचे मोठेपण.

हे सर्व लेखकाला पुस्तकातून ठाऊक होते. तरीही नोकरीच्या दुसऱ्या की तिसऱ्या वर्षी पुढील चूक घडली. मालवण तालुक्यातील एका वाडीत आषाढात सुपारीची गळ सुरू झाली. मी झाडाखाली पडलेली पाचसहा फळे उचलली, प्लास्टिकच्या पिशवीत घातली, पिशवीला घट्ट गाठ मारली आणि ती मोटारसायकलच्या डिकीत ठेवली. मध्ये शनिवार-रविवार आला. सोमवारी नमुना रवाना झाला तेव्हा पिशवीतून पाणी ठिबकत होते. तपासणीचा अहवाल आला. त्यात अक्षरे वाचून निश्चित केलेले नाव होते फ्युजेरियमचे. नाव अगदी बरोबर होते. त्या फळांवर फ्युजेरियम होतीच. ती मेलेल्या फळावर, बंद पिशवीतील उबेत, मागाहून वाढली होती. खरा मारेकरी तोपर्यंत तिच्याखाली दडपून गेला होता. मी मात्र डीएनएचा अहवाल हाती आला या आनंदात डोळ्यांनी पाहिलेली लक्षणे बाजूला ठेवली आणि बोर्डोऐवजी कार्बेन्डाझिम सुचविले. पंधरा दिवसांनी बागेचे वृद्ध मालक कचेरीत आले. आवाज न चढविता ते एवढेच म्हणाले, “सायबानू, औषध मारलंय, पण गळ काय थांबाक नाय.” त्यांच्या कुंपणापलीकडील बागेत मे महिन्यातच बोर्डो पडले होते, आणि तेथील शिंपुटे जागेवर होती. त्या वर्षी त्यांच्या नातवाच्या शिक्षणाची फी कशातून गेली, हे विचारण्याचे धैर्य मला झाले नाही.

प्रयोगशाळेचा यात काहीही दोष नव्हता. यंत्रापुढे जे ठेवले, त्याचे नाव यंत्राने सांगितले. डीएनएची पद्धत जितकी अचूक, तितकी चुकीच्या नमुन्यातून निघणारी दिशाभूलही ठाम असते. आणि ती छापील कागदावर येत असल्याने तिच्यावर विश्वास ठेवण्याचा मोह अधिक होतो. म्हणून कार्यकर्त्यांना आग्रहाची विनंती आहे की, नमुना जमिनीवरून उचलू नये; तो घडावरून, ताज्या डागाचा, निरोगी व रोगट भागाची सीमा येईल असा घ्यावा. शक्य तो फवारणीपूर्वी घ्यावा. वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळून कागदी पाकिटात ठेवावा. कोळेरोगाचा नमुना पार वाळूनही जाता कामा नये, म्हणून तो त्याच दिवशी किंवा फार तर दुसऱ्या दिवशी पोहोचेल अशी व्यवस्था करावी. शुक्रवारी दुपारनंतर नमुना काढूच नये, हा नियम मी माझ्यापुरता घालून घेतला आहे. पाकिटावर गाव, पीक, वाण, तारीख, रोग प्रथम केव्हा दिसला, आधी कोणते औषध किती वेळा मारले, हे पेन्सिलीने लिहावे. शाई ओल्याने पसरते. आणि एक पाकीट कधीही पुरे समजू नये. बागेच्या निरनिराळ्या कोपऱ्यांतून तीनचार तरी घ्यावीत. एकाच आंब्याच्या झाडावर कोलेटोट्रायकमच्या दोन जाती नांदणे अशक्य नाही.

अहवाल हाती आला म्हणजेही डोळे मिटून चालावयाचे नाही. कोणता तुकडा वाचला, हे विचारावे. केवळ आयटीएस वाचून ‘ग्लिओस्पोरिऑइडिस’ असे लिहिले असेल, तर ते आडनाव समजावे, पूर्ण नाव नव्हे. ताडून पाहण्यासाठी जे सार्वजनिक संग्रह वापरले जातात, त्यांतही जुन्या काळी चुकीच्या नावाने भरलेल्या नोंदी पुष्कळ आहेत. सातबाऱ्यावर एकदा चुकीचा फेरफार पडला की पुढची प्रत्येक नक्कल ती चूक घेऊनच निघते, तसेच तेथे होते. म्हणून तुलना मूळ नमुन्याशी, म्हणजे ज्या बुरशीवरून ते नाव प्रथम दिले गेले किंवा जी पुढे अधिकृतपणे प्रमाण मानली गेली तिच्याशी झाली आहे किंवा नाही, हे विचारण्यात संकोच बाळगू नये. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत राष्ट्रीय बुरशी संवर्धन संग्रह आहे. आपल्या किनाऱ्यावरील आंबा, काजू व सुपारीवरील बुरशी तेथे जिवंत जतन होऊन पडणे, हेही पुढील पिढीच्या निदानासाठी तितकेच अगत्याचे आहे.

सुपारीवरील फायटोफ्थोराच्या बाबतीत अशा तुलनेने काय साधते याचे एक उदाहरण देतो. कोलमन यांच्या वर्णनावरून सुपारीवरील जातीस पुढे ‘अरेकी’ हे स्वतंत्र नाव रूढ झाले होते. पुढील काळात रेणवीय तपासणीने असे दिसून आले की, ‘अरेकी’ ही पामिव्होराहून वेगळी नाहीच. आणि पामिव्होरा म्हणजे बटलर यांनी १९०७ साली गोदावरी जिल्ह्यातील ताडांच्या कोंबकुजीचे कारण म्हणून वर्णिलेली जात. नारळाचा कोंब कुजविणारीही हीच. केरळ-कर्नाटकातील कोळेरोगात आज मुख्यत्वे आढळते ती मात्र तिसरीच, फायटोफ्थोरा मीडी. ती १९१८ साली रबराच्या झाडावरून वर्णिली गेली. ज्या बागेत पोफळी, नारळ व काही ठिकाणी शेजारी रबरही उभे आहे, तेथे कोणाचा रोग कोणाकडे जातो हा प्रश्न या तीन नावांच्या निवाड्यावाचून सुटणार नाही. दोडामार्ग-सावंतवाडीकडे रबराची लागवड झाली आहे, हे लक्षात घेता हा प्रश्न आपल्या जिल्ह्यासाठी पुस्तकी राहिलेला नाही.

शासनाकडे एक मागणी करणे येथे अस्थानी होणार नाही. माती परीक्षणाचे नमुने गावागावांतून गोळा करण्याची सवय आपल्या यंत्रणेला लागली आहे. रोगट नमुन्यांसाठी तशीच बारमाही व्यवस्था जिल्ह्यात असावी. विद्यापीठाच्या दापोली व वेंगुर्ल्याच्या तज्ज्ञांपर्यंत नमुना चोवीस तासांत पोहोचावा आणि अहवाल फायलीत न राहता बागेत परत जावा. यंत्रे घेण्यापूर्वी पाकिटे पोहोचविणारा माणूस नेमला तरी पुष्कळ होईल.

मात्र अहवालाची वाट पाहत कोणी हात जोडून बसू नये. कोळेरोगासाठी पहिली फवारणी पावसाआधीच व्हावयास हवी. १ किलो मोरचूद, १ किलो कळीचा चुना व १०० लिटर पाणी हे प्रमाण ठेवावे आणि मिश्रणात लोखंडी खिळा बुडवून तांबे चढत नाही याची खात्री करावी. चढले तर चुन्याची निवळी आणखी घालावी. दुसरी फवारणी साधारण चाळीस ते पंचेचाळीस दिवसांनी. आंब्यावर मेलेल्या फांद्या व वाळलेला मोहोर काढून जाळणे हे कोणत्याही नावाच्या कोलेटोट्रायकमला मानवत नाही. फवारणीची औषधे विद्यापीठाच्या चालू शिफारशीतील व लेबलावर त्या पिकाचे नाव असलेलीच घ्यावीत.

वर उल्लेखिलेल्या वाडीतून यंदा सात पाकिटे आली. त्यांतील चार त्याच वृद्ध मालकांच्या बागेतील होती. पेन्सिलीचे अक्षर त्यांच्या नातवाचे होते व ‘आधी मारलेले औषध’ या रकान्यात बोर्डोची तारीख लिहिलेली होती. नमुने त्याच दिवशी पुढे पाठविले. अहवाल यावयाचा आहे. दुसरी फवारणी गेल्या आठवड्यात, पावसाने दोन दिवसांची उघडीप दिली तेव्हा, उरकण्यात आली.